गावातला रोजगार: आधी प्रशिक्षण की आधी गिऱ्हाईक? (इंदूर-महू परिसर)

माळवी_माती (इंदूर)

नमस्कार मंडळी. महूच्या पुढे, मानपूरच्या बाजूच्या गावांत बायकांच्या शिवणकामाचं काम मी बघते. इथे इंदूर-देवास-महेश्वर भागातले बरेच सभासद आहेत, कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी शेती करणारे, कोणी शिकवणारे. म्हणून हा विषय इथे काढतेय. माझं म्हणणं सरळ आहे. गावात रोजगार द्यायचा म्हटलं की आपण प्रशिक्षणापासून सुरुवात करतो आणि बहुतेक वेळा प्रशिक्षणालाच थांबतो. सुरुवात गिऱ्हाइकापासून व्हायला हवी.

एखादी योजना येते. पंचायतीच्या खोलीत शिवणयंत्रं मांडली जातात, काही महिने वर्ग चालतो, प्रमाणपत्रं वाटली जातात, फोटो निघतात. सहा महिन्यांनी त्याच घरांत गेलं की यंत्रावर चादर असते आणि चादरीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. मुली शिकल्या नाहीत असं अजिबात नाही. ब्लाउज येतो, फ्रॉक येतो, परकर येतो. पण दीड-दोनशे उंबऱ्यांच्या गावात एकदम वीस जणी ब्लाउज शिवायला बसल्या तर शिवायचे कोणाचे? गावात आधीपासून एक मास्टर असतोच, आणि सणासुदीचे कपडे लोक महूहून किंवा इंदूरहून तयारच आणतात.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. इंदुरात तयार कपड्यांचा मोठा धंदा आहे. राजवाड्याच्या आसपासच्या घाऊक व्यापाऱ्याला 'सगळं येणारी' बाई नको असते. त्याला एकसारखे तीनशे नग हवे असतात, ठरल्या दिवशी. पहिल्या नगाची शिवण आणि शेवटच्या नगाची शिवण सारखी दिसली पाहिजे. हे वर्गात शिकवतच नाहीत. वर्गात एक बाई एक कपडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिवते. ऑर्डरमध्ये एक जण कापते, एक बाजू जोडते, एक ओव्हरलॉक मारते, एक काज-बटण बघते, एक लोंबणारे धागे कापते, एक इस्त्री करून घडी घालते. ही विभागणी जमली की वेग येतो आणि मालही परत येत नाही.

आणि खरं सांगायचं तर सर्वसमावेशक रोजगार म्हणतात तो मला या विभागणीतच सापडला. आमच्याकडे एक मुलगी आहे, लहानपणी पोलिओ झालेली, उजव्या पायात ताकद नाही. तिला पाहून गावातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की हिला शिवणयंत्र जमायचं नाही. पायाने चालवायचं यंत्र तिला जड जातं हे खरंच. आम्ही यंत्राला मोटर बसवली आणि तिचा पायपट्टा उजवीकडून काढून डावीकडे घेतला. डावा पाय नीट टेकावा म्हणून पट्ट्याखाली सुताराकडून उतरती फळी ठोकून घेतली, पट्टा सरकू नये म्हणून फळीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. झालं. आज सरळ शिवणीत तिचा हात सगळ्यांत स्थिर आहे, पिशव्यांचे बंद लावण्याचं काम तिच्याशिवाय कोणाला देत नाही. खर्च जेमतेम मोटरचा. बाकीची फळी आणि ट्यूब.

तर चर्चेसाठी प्रश्न असे. गावात छोटा उद्योग उभा करताना गिऱ्हाईक आधी पक्कं करण्याचा अनुभव कोणाला आहे? कर्ज आणि अनुदान कोणत्या टप्प्यावर घ्यावं? आणि अपंग, एकट्या, वयस्कर बायकांना कामात घेताना काय बदल केले? 'शासनाने काहीतरी करायला हवं' एवढ्यावर थांबू नका, प्रत्यक्षातलं लिहा.

---

रेवातीर (मंडलेश्वर)

ताई, विषय फार जिव्हाळ्याचा काढलात. तुमच्या 'आधी गिऱ्हाईक' या म्हणण्याला आमच्या महेश्वरपेक्षा मोठा दाखला नाही.

अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी केली आणि बाहेरून विणकर आणून वसवले हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण विणकर आणले याच्याइतकंच महत्त्वाचं हे की त्यांच्या कापडाला गिऱ्हाईक दरबारात होतं. पाहुण्यांना, नातेवाइकांना द्यायच्या साड्या आणि पागोटी इथूनच जायची. मागणी घरचीच होती म्हणून कसब टिकलं आणि वाढलं. संस्थानं गेली, गिरणीचं कापड आलं, मागणी आटली आणि विणकरांची पोरं दुसऱ्या कामाला लागली. म्हणजे हातातली कला तीच, माणसं तीच. फक्त घेणारा गेला.

1970च्या दशकाच्या शेवटी विणकरांसाठी रेहवा सोसायटी ही संस्था सुरू झाली, रिचर्ड आणि सॅली होळकरांनी पुढाकार घेतला. त्यांनी साडीची रुंदी, रंग, काठ शहरातल्या घेणाऱ्याच्या नजरेने बघितले. किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षी काठावर होतीच, चटाई, वीट, लहर, हिरा. तीच ठेवली, पण माल मुंबई-दिल्लीच्या घेणाऱ्यापर्यंत पोचवला. पुढे 2003 मध्ये सॅली होळकरांनी विमेनवीव्ह ही संस्था सुरू केली, ती मुख्यतः बायकांसाठी. ज्यांच्या घरात विणकाम कधीच नव्हतं अशाही बायका मागावर बसल्या.

समावेशाबद्दल तुम्ही लिहिलंत ते हातमागात आपोआप होतं. माग फक्त मागावर बसणाऱ्याचा नसतो. सूत उकलायचं, कांड्या भरायच्या, ताणा लावायचा, तुटलेले धागे जोडायचे. खड्ड्यातल्या मागावर तासन्‌तास पाय हलवत बसणं ज्यांना झेपत नाही त्या म्हाताऱ्या बायका ओसरीवर चरख्यावर कांड्या भरतात. पण या कामाला मजुरी फार कमी मिळते, अनेक घरांत तर ती धरतच नाहीत, 'घरचंच काम' म्हणून सोडून देतात. माझ्या मते सुधारणा करायची तर इथून करा. कांडी भरणाऱ्या आजीचे पैसे वेगळे लिहा आणि तिच्या हातात द्या.

---

हिशेबी (इंदूर, बँकेतून निवृत्त)

धागा चांगला आहे. पण प्रशिक्षणाला एवढं झोडपू नका.

बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, ज्यांना आपण आरसेटी म्हणतो, त्या बहुतेक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. मूळ कल्पना कर्नाटकातली, 1982 मध्ये धर्मस्थळाजवळ उजिरे इथे सुरू झालेली. तिथलं प्रशिक्षण मोफत, राहण्या-जेवण्यासह, आणि मुख्य म्हणजे कोर्स झाल्यावर दोन वर्षं उमेदवाराच्या मागे राहून पाठपुरावा करायचा असा दंडक आहे. जिथे हा पाठपुरावा खरोखर होतो तिथे माणसं धंद्यात टिकलेली मी पाहिली आहेत. तेव्हा प्रशिक्षण नको असं म्हणू नका, प्रशिक्षणानंतर हात सोडू नका असं म्हणा.

आता कर्ज. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, या योजनेत उत्पादनाच्या उद्योगाला 50 लाखांपर्यंत आणि सेवेच्या उद्योगाला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. गावात असाल आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, अपंग, माजी सैनिक यांपैकी असाल तर अनुदान 35 टक्के, स्वतःचा वाटा फक्त 5 टक्के. सर्वसाधारण गटाला गावात 25 टक्के, वाटा 10 टक्के. ऐकायला छान वाटतं. पण दोन गोष्टी लोकांना कोणी सांगत नाही.

एक, अनुदान म्हणजे हातात येणारी रोकड नाही. ते बँकेत तुमच्या नावाने ठेव म्हणून तीन वर्षं अडकून राहतं. उद्योग चालू आहे याची प्रत्यक्ष पडताळणी झाल्यावर कर्जात वळतं केलं जातं. मधल्या काळात उद्योग बंद पडला तर अनुदान गेलं आणि कर्ज डोक्यावर राहिलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोक यंत्रासाठी कर्ज मागतात, खेळतं भांडवल मागतच नाहीत. एजंट प्रकल्प अहवाल करून देतो, त्याचं लक्ष यंत्र विकण्यावर. मग यंत्र येतं, पण कापड घ्यायला पैसे नसतात, व्यापारी माल घेऊन दोन महिन्यांनी पैसे देतो, आणि इकडे पहिल्या महिन्यापासून हप्ता सुरू. बुडणारे बहुतेक छोटे उद्योग यंत्राअभावी बुडत नाहीत, मधल्या दोन महिन्यांत बुडतात. माझा सल्ला हाच की पहिली ऑर्डर भाड्याच्या किंवा जुन्या यंत्रावर पूर्ण करा, तिचे पैसे किती दिवसांत आले ते लिहून ठेवा, आणि तो आकडा घेऊन बँकेत जा. शाखाधिकारी अशा माणसाला वेगळ्या नजरेने बघतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूने सांगतोय.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत असते, तीही सरकारी संकेतस्थळावर. पैसे मागणारा कोणीही असो, त्याला दारातूनच परत पाठवा.

---

माळवी_माती

हिशेबीकाका, तुमचा हा प्रतिसाद छापून केंद्राच्या भिंतीवर लावावा असा आहे. पाठपुराव्याचं पटलं. माझं भांडण प्रशिक्षणाशी नाही, मोजमापाशी आहे. किती जण शिकले याची नोंद सगळे ठेवतात. वर्षानंतर किती जणींच्या हातात काम आहे याची वही मी फार थोड्या ठिकाणी पाहिली. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना 2014 मध्ये आली तेव्हा तिच्या नियमांत शिकलेल्यांपैकी 70 टक्क्यांना काम लागलं पाहिजे आणि ते निदान तीन महिने टिकलं पाहिजे असं होतं. कामाशी जोडून मोजलं हे चांगलंच केलं. पण तीन महिने म्हणजे काय हो? मुलगी शहरात जाते, खोलीचं भाडं भरते, चौथ्या महिन्यात आईला बरं नाही म्हणून परत येते. कागदावर ती यशस्वी.

---

सडेतोड (पीथमपूर)

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो. गावातच रोजगार हवा हा आग्रह कोणाचा आहे? मी पीथमपूरला कारखान्यात काम करतो. आमच्याकडे धार, झाबुआ, बडवानीची पोरं आहेत. त्यांना विचारा, परत जाऊन पिशव्या शिवाल का? नाही म्हणतील. इथे महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे, ईएसआयचं (कामगारांच्या आरोग्य विम्याचं) कार्ड आहे. गावातल्या बचत गटात पापड लाटून यातलं काय मिळतं? छोट्या उद्योगाचं कौतुक करताना आपण त्या बाईला तासाला किती पडतात हा हिशेब टाळतो. मला वाटतं जास्त पैसा बसगाड्यांवर, कामगार वसतिगृहांवर आणि अॅप्रेंटिसशिपवर खर्च व्हावा. 1961 पासून अॅप्रेंटिस कायदा आहे, शिकता शिकता विद्यावेतन मिळतं, आणि हात खऱ्या यंत्रावर बसतो. गावातल्या आयटीआयमध्ये अजून जुनी लेथ, आणि कारखान्यात संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं.

---

निमाडची_लेक (खरगोन, सध्या इंदूर)

सडेतोड दादा, तासाच्या मजुरीचं अगदी बरोबर बोललात. तो हिशेब झालाच पाहिजे. पण कारखान्यात जाऊ शकणारा कोण आहे तेही बघा. अठरा ते तीस वर्षांचा, धडधाकट, बहुतेक मुलगा. माझी वहिनी तीस वर्षांची आहे, दोन मुलं, सासूला दिसत नाही. तिला सकाळी साडेसहाची बस कशी पकडता येईल? तिच्याकडे दुपारी अकरा ते चार एवढेच तास आहेत. तेही सोयाबीन काढणीत आणि मिरची तोडणीत नसतात. अशा तासांना बसेल असं काम गावातच निघू शकतं.

आमच्याकडे बेडियाला मिरचीची मोठी मंडी आहे. तिथे मिरचीचे देठ काढण्याचं काम बायका करतात. दिवसभर ठसक्यात बसून. डोळे, हात, सगळं जळतं. हे कामच आहे, पण याला रोजगारनिर्मिती म्हणायला माझी जीभ वळत नाही. खरगोनची मिरची 'एक जिल्हा एक उत्पादन' या सरकारी योजनेत आहे. मग त्याच बायकांना देठ काढण्याऐवजी चक्की, चाळणी, पाकीट इथपर्यंत का नेऊ नये? मालाचा भाव तिथे वाढतो, देठात नाही.

---

कर्णिका (इंदूर)

मी फार लिहीत नाही इथे, पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझा मुलगा कर्णबधिर आहे, आता बावीस वर्षांचा.

त्याच्यासाठी मी एका प्रशिक्षण केंद्रात गेले होते, नाव घेत नाही. फॉर्ममध्ये अपंगांसाठी जागा राखीव होत्या. पण शिकवणारे बोलून शिकवत होते, फळ्याकडे तोंड करून. त्याला ओठही दिसत नव्हते. मी विनंती केली की निदान तोंड वर्गाकडे करून बोला आणि पायऱ्या लिहून द्या. 'एका मुलासाठी कसं बदलणार' असं उत्तर आलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत. वाजवी सोय करून देणं हा हक्क म्हणून लिहिलेला आहे, आणि सर्वसाधारण कौशल्य योजनांमध्ये अपंगांना सामील करून घ्यावं असंही त्यात आहे. वेगळा वर्ग काढा असं कोणी म्हणत नाही. त्याच वर्गात तोंड इकडे करा, एवढंच मागणं होतं.

शेवटी तो शिकला एका मोटर वाइंडिंगच्या दुकानात. उस्ताद स्वतः फारसे शिकलेले नाहीत. त्यांनी एकदाही 'याला ऐकू येत नाही' म्हणून काम नाकारलं नाही. जळलेल्या मोटरचं जुनं वाइंडिंग तोडायच्या आधी वेढे मोजायचे, तारेची जाडी गेजने बघायची, कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत तार जाते ते कागदावर काढायचं. सगळं काम डोळ्यांचं आणि बोटांचं. मोटर चालू केल्यावर बेअरिंगचा आवाज तेवढा त्याला ऐकू येत नाही, तर उस्तादांनी शिकवलं की मोटरच्या अंगावर तळहात ठेव, खडखड हाताला कळते. आता शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटरी तो एकटा बांधतो. रब्बीच्या दिवसांत हातात काम मावत नाही.

माळवी_माती ताई, तुमच्या त्या मुलीला नगाचा दर इतरांइतकाच देता ना? कारण आमचा अनुभव असा की लोक काम देतात पण उपकार म्हणून देतात, आणि पैसे कमी करतात.

---

माळवी_माती

कर्णिकाताई, दर सगळ्यांना एकच. नगावर. वहीत तिचं नाव बाकीच्यांच्या ओळीतच आहे, आणि महिन्याचा हिशेब सगळ्यांसमोर वाचतो. तुमच्या मुलाच्या उस्तादांना माझा नमस्कार कळवा. तळहाताचं तर मी आमच्या सगळ्या शिकवणाऱ्यांना सांगणार आहे.

सडेतोड, तुमचं म्हणणं मी खोडत नाही. ज्याला पीथमपूरला जायचं आहे त्याला चांगली बस, चांगली खोली आणि आधुनिक यंत्रावर शिक्षण मिळालंच पाहिजे. माझा धागा जे जाऊ शकत नाहीत त्यांच्याबद्दल आहे, ते निमाडची_लेक यांनी माझ्यापेक्षा नेमकं लिहिलंय.

---

देवासवाला

आमच्या बागली तालुक्यातलं उदाहरण इथे यायलाच हवं. समाज प्रगती सहयोग ही संस्था 1990 पासून तिथे आहे, मुख्य काम पाणी आणि शेतीचं. त्यांच्यातूनच 'कुंबाया' हा शिवणकामाचा उपक्रम उभा राहिला, पुढे त्याची बायकांची उत्पादक कंपनी झाली. गोधड्या, कपडे, पिशव्या असा माल तिथे होतो आणि तो देशभर शहरांत विकला जातो. अपंग व्यक्ती सुरुवातीपासून त्यात कारागीर म्हणून आहेत. उरलेल्या चिंध्यांचंही तिथे काही ना काही बनतं. ज्यांना शंका आहे की आदिवासी गावातून शहराच्या पसंतीचा माल निघेल का, त्यांनी एकदा तो माल हातात घेऊन शिवण उलटी करून बघावी.

आणि इंदुरातच बरली संस्था आहे, 1985 पासून. जनक पलटा मॅकगिलिगन यांनी ती कित्येक वर्षं चालवली, त्यांना 2015 मध्ये पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या आणि आदिवासी मुली तिथे राहून शिकतात. शिवणकामाबरोबर अक्षरओळख, आरोग्य, सौर चूल. त्या परत आपल्या गावी जातात हा त्यातला मोठा भाग आहे.

---

विज्ञानविटी (पुणे, माहेर इंदूर)

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथला वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम म्हणजे प्रत्यक्ष काम. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, आरोग्य, सगळं थोडं थोडं. शाळेत नापास झालेली मुलं तिथे येतात, आणि गावातल्या लोकांची खरी कामं पैसे घेऊन करत करत शिकतात. गेट बनवायचं तर खऱ्या घराचं, आणि गिऱ्हाईक नाराज झालं तर दुरुस्त करून द्यायचं. म्हणजे माळवी_माती म्हणतात ते गिऱ्हाईक तिथे अभ्यासक्रमातच बसवलेलं आहे.

एकच कौशल्य शिकवून बारा महिने पोट भरेल इतकं काम लहान गावात नसतं. पावसाळ्याआधी पत्र्याची शेड, रब्बीत मोटरी, लग्नसराईत वायरिंग, मध्ये कुक्कुटपालन. सगळं मिळून वर्ष निघतं. आपल्या योजना मात्र माणसाला एका ट्रेडच्या चौकटीत बसवतात.

---

बटाटेवाला (महू तालुका)

बटाट्याचा शेतकरी आहे. इंदूर जिल्ह्याचं 'एक जिल्हा एक उत्पादन' बटाटा आहे, म्हणून लिहितो. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची पीएमएफएमई योजना 2020 पासून आहे, अन्नप्रक्रियेच्या छोट्या उद्योगाला खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान, आणि बचत गटातल्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी 40 हजारांपर्यंत बीजभांडवल. हिशेबीकाका म्हणतात तो मधल्या दोन महिन्यांचा खड्डा भरायला हे बीजभांडवल कामी येतं.

आमच्या गावातल्या गटाने वेफर्सचं काम धरलं तेव्हा सगळे म्हणाले, बटाटा घरचा, बायकांना वेफर्स येतात, अडचण काय? अडचण अशी आली की तळल्यावर वेफर्स तांबूस-काळपट पडायला लागले. तेल बदललं, आच कमी केली, काही फरक नाही. कारण बटाट्यातच होतं. शीतगृहात दोन-चार अंशांवर ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते, आणि ती साखर तळताना जळून रंग येतो. खायच्या बटाट्याला हे चालतं, वेफर्सला नाही. वेफर्ससाठी चिप्सोना किंवा एलआर (लेडी रोसेटा) वाण लागतो, आणि तो दहा-बारा अंशांवर ठेवावा लागतो. ज्योती किंवा पुखराज भाजीला छान, पण वेफर्सला नको. मोठ्या कंपन्या माळव्यात येऊन हाच वाण करारावर लावून घेतात, आणि गावचा गट मात्र मंडीत उरलेला बटाटा घेऊन बसतो.

दुसरं म्हणजे वजन. बटाट्यात पाचातले चार हिस्से पाणीच. तळून वेफर्स करायचे तर किलोभर मालाला साडेतीन-चार किलो बटाटा जातो, उन्हातल्या वाळवणाला त्याहून जास्त. बायका हिशेब लावताना बटाट्याचा भाव धरतात पण सालं, खराब निघालेले, गॅस, पाकीट, इंदूरला न्यायचं भाडं धरत नाहीत. स्वतःची मजुरी तर कोणीच धरत नाही. मग 'नफा झाला' म्हणतात तो खरं तर त्यांचाच बुडालेला रोज असतो. सडेतोड भाऊंचा मुद्दा इथे शंभर टक्के लागू होतो.

आता आम्ही तीन-चार शेतकऱ्यांनी गटासाठी चिप्सोना वेगळा लावायचं ठरवलंय. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि ताज्या बटाट्याचा माल लगेच करायचा म्हणजे शीतगृहाचा प्रश्नच नको. इंदूरसारख्या शेव-नमकीनच्या गावात विकणं सोपं नाही, ताटभर स्पर्धा आहे. पण उपासाचे वेफर्स आणि वाळवण वर्षभर लागतं.

---

हिशेबी

बटाटेवाले, मजुरी धरण्याबद्दल तुमच्या हातावर साखर ठेवायला हवी. प्रकल्प अहवालात 'मालकाची मजुरी' ही ओळ मी कधी रिकामी सोडू दिली नाही.

पैसे उशिरा देणाऱ्या व्यापाऱ्यांबद्दल एक गोष्ट सर्वांसाठी. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. आता आयकर कायद्यातही असं झालंय की मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा दाखवता येत नाही. यामुळे मोठे व्यापारी थोडे जागे झालेत. पण यासाठी तुमची उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी आणि बिलावर तो क्रमांक हवा. कच्च्या चिठ्ठीवर माल दिला तर कायदा तुमच्या बाजूने असून उपयोग नाही.

---

माळवी_माती

काका, आमच्याबाबत हेच झालं. एका व्यापाऱ्याने पिशव्यांची मोठी ऑर्डर दिली, माल उचलला आणि पैसे चार महिने लटकवले. बायका रोज विचारायच्या, 'दीदी, पैसा आया क्या?' दोघी-तिघींनी काम सोडून पुन्हा शेतमजुरी धरली, आणि त्यांना बोल लावायला मला तोंड नव्हतं. चुलीला उधारी कळत नाही. तेव्हापासून निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय आम्ही कापडाला कात्री लावत नाही. ऑर्डर लहान मिळाली तरी चालेल.

आणखी एक अनुभवातून आलेलं. ऑर्डर एकाच गिऱ्हाइकाची ठेवू नका. आमचं आता थोडं कापडी पिशव्यांचं काम आहे, थोडं एका शाळेच्या गणवेशाचं, आणि थोडं इंदूरच्या मंडळींचं. आपल्या मराठी कुटुंबांत डोहाळजेवण, मुंज, वास्तुशांतीला परतभेट द्यायची पद्धत आहे, प्लास्टिकच्या डब्यांऐवजी खणाच्या बटव्यांची मागणी येते. हे गिऱ्हाईक पैसे हातोहात देतं आणि माल आवडला तर चार घरी सांगतं. इथले कोणी कार्याच्या तयारीत असतील तर जरूर कळवा. नमुने दाखवते, दर एकच, घासाघीस करू नका एवढीच विनंती, कारण तो पैसा सरळ नगाच्या दरात जातो.

---

रेवातीर

परतभेटींची कल्पना उत्तम आहे. आमच्याकडच्या मागांवर काठाच्या कापडाचे तुकडे उरतात, विणकर ते किलोवर देऊन टाकतात. बटव्यांना ते सुंदर दिसतील. एका विणकर कुटुंबाशी बोलून ठेवतो, तुम्ही महेश्वरला आलात की गाठ घालून देईन.

---

सडेतोड

माझ्या पहिल्या प्रतिसादानंतर सगळं वाचलं. गावातल्या कामाला माझा विरोध नाही, कमी मजुरीला आहे. कर्णिकाताईंच्या मुलाचं वाचून आमच्या देखभाल विभागातल्या साहेबांशी बोललो. आमच्या कारखान्यात मोटर वाइंडिंगचं काम बाहेर देतात. त्याच्या उस्तादांच्या दुकानाची उद्यम नोंदणी आणि पक्कं बिल असेल तर नमुन्याला एक-दोन मोटरी देता येतील असं ते म्हणाले. ताई, व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

---

कर्णिका

निरोप मिळाला, दादा. उस्तादांना आजच विचारते. बिलपुस्तक आहे, नोंदणी करून घेऊ.

---

नवी_पालवी (देपालपूर)

नवीन सभासद आहे. माझ्या भावाचा अपघातात डावा हात मनगटापासून गेला. त्याच्याकडे जुनं कागदी प्रमाणपत्र आहे, पण बँकेत आणि आरसेटीत नवीन कार्ड मागतात. कुठून करायचं?

---

कर्णिका

यूडीआयडी कार्ड म्हणतात त्याला, अपंगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन कार्डच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, आधार, फोटो आणि जुनं प्रमाणपत्र जोडायचं. मग जिल्हा रुग्णालयाचं वैद्यकीय मंडळ गरज वाटल्यास तपासणीला बोलावतं. बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व लागतं, तेव्हा जुन्या कागदावर टक्केवारी स्पष्ट आहे ना ते आधी बघा. अर्ज मोफत आहे. अर्ज क्रमांक लिहून ठेवा, स्थिती त्यावरूनच दिसते. अडलं तर इथेच विचारा, मी आहे. आणि भावाला कोणत्या कामाची आवड आहे तेही लिहा, नुसतं कार्ड करून थांबू नका.

---

नवी_पालवी

धन्यवाद ताई. अपघाताआधी तो ट्रॅक्टर दुरुस्ती करायचा, डिझेल पंप खोलून जोडायचा. अजूनही आवाज ऐकून बिघाड सांगतो, फक्त पाना धरायला दुसरा हात नाही.

---

विज्ञानविटी

त्याच्यासाठी टेबलाला पक्का बसवलेला वाइस आणि पायाने उघड-बंद होणारा क्लॅम्प करता येईल. पंप क्लॅम्पमध्ये अडकला की एका हाताने पाना चालतो. पाबळच्या ओळखीच्या मुलांना विचारून मापासकट चित्र इथे टाकते. तुमच्या गावात वेल्डिंगवाला आहे का, आणि भावाच्या कामाच्या टेबलाची उंची किती आहे, तेवढं कळवा.